शीतगृहाचं दार

दाराखाली खुपसलेली लाकडी पाचर तिने बुटाच्या टोकाने ढकलली, एवढंच. पण पाचर निघाली तसं शीतगृहाचं जाडजूड दार आपल्या वजनाने फिरलं आणि धप्पकन लागलं. आणि लगेच गोदामाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "दार! दार कोणी लावलं?"

तो धावत आला. मधे खोक्यांच्या रांगा होत्या, फोर्कलिफ्ट होती, ती स्वतः उभी होती... त्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं. दोन्ही हातांनी त्याने दार ओढलं. पांढरी वाफ भसकन बाहेर आली, आणि वाफेमागून दोन हमाल, हसत हसत. "काय झालं मुकादम? आग लागली काय?"

मुकादम हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, आत माणसं होती."

"हो, पण आतून उघडायला कडी आहे की..."

"आहे. उघडते का, ते बघितलंत?"

बघितलं नव्हतं. ती आत गेली आणि कडीला हात घातला. बर्फाने कडी अशी काही धरली होती की तसूभर हलेना. तिचे कान गरम झाले. इमारती तपासण्यात हयात घालवायला निघालेली बाई, आणि दार लावण्याआधी कडी बघायची अक्कल नसावी?

"माझं चुकलं," बाहेर येऊन ती म्हणाली. "अगदी चुकलं."

त्याने नुसती मान हलवली, वाकून पाचर पुन्हा दाराखाली खुपसली. उठताना क्षणभर तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. भेदरलेले डोळे होते ते... आणि काय सुंदर डोळे होते! असल्या वेळी असलं काही सुचावं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

म्हणजे ओळख झाली ती अशी, चुकीने आणि धसक्याने. पुढे काय वाढून ठेवलंय याची दोघांनाही कल्पना नव्हती.

ती होती इंजिनीअर. जुनी गोदामं कमी विजेवर, कमी धुरात कशी चालवायची, हे तिचं काम. एका गावातलं गोदाम झालं की बॅग उचलायची आणि पुढच्या गावी. इथल्या मालकाने तिला बोलावलं होतं, आणि तिने कामाचा धडाका लावला होता. पत्र्याचं तापलेलं छप्पर पांढरं रंगवून घेतलं. मधेमधे पारदर्शक पत्रे बसवले, त्यामुळे दिवसा दिव्यांची गरजच उरली नाही. धूर ओकणाऱ्या फोर्कलिफ्ट गेल्या, बॅटरीवरच्या आल्या. छपरावर सौर पॅनेल चढली. हमालांनी तिचं नाव 'छप्परवाली' ठेवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडलं होतं.

घोडं अडलं ते शीतगृहाच्या दाराशी. दिवसभर दार सताड उघडं. आतली थंडी बाहेर, बाहेरची हवा आत, आणि यंत्रं बिचारी धापा टाकत अर्ध्या गोदामाची वीज एकटी खात होती. हे दार बंद राहिल्याशिवाय पॅनेलना तो भार पेलणं शक्यच नव्हतं. बाकी सगळं केलेलं काम म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. पण मालक म्हणाले, "माणसांच्या जिवाचा प्रश्न आला की मी मुकादमाचं ऐकतो. तो हो म्हणाला तरच नवीन दार."

आणि मुकादम काही केल्या हो म्हणेना.

"का पण?" ती दर वेळी विचारी.

"दार उघडंच बरं."

"अहो, पण कारण?"

"कारण तुम्हाला नाही पटायचं." असं म्हणून तो निघून जाई. मग थोड्या वेळाने तिच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवून जाई, तीही न बोलता. याला म्हणावं तरी काय?

एकदा ती उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन भिंती तपासत होती. थंड जागा निळी दिसे, गरम जागा लाल. फिरता फिरता कॅमेरा त्याच्यावर आला आणि... तिथून हलेना.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"तुम्ही लालबुंद दिसताय."

"ऊन लागलं असेल."

"इथे? सावलीत?"

त्याने मान दुसरीकडे वळवली. पण पडद्यावरचा लाल रंग आणखी गडद झाल्यासारखा तिला वाटला, आणि तिने कॅमेरा घाईघाईने भिंतीकडे वळवला.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मावशींच्या नजरेतून हे सुटलं असतं तर नवल. गाडी तिच्याजवळ थांबवून त्या हळूच म्हणाल्या, "आमचा मुकादम आठवडा आठवडा दाढी करायचा नाही हो. हल्ली रोज करतो. त्यानेही वीज वाचते का?"

"मावशी!"

"मी आपलं विचारलं." मावशींनी गाडी हाकली, हॉर्न वाजवत.

एका दुपारी ती छपरावर पॅनेलची जोडणी बघत होती. तो वर आला, पांढऱ्या पत्र्यावर तळहात टेकवून बसला. पूर्वी या पत्र्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. खाली पोरं घामाचे शर्ट पिळायची.

"हे चांगलं केलंत तुम्ही," तो म्हणाला.

त्याच्याकडून एवढं ऐकायला आपण इतके आसुसलो होतो, हे तिला त्या वेळी कळलं. ती शेजारी बसली. मग तो आपणहून सांगू लागला, पत्र्याकडे बघत.

"माझा थोरला भाऊ हमाल होता. दुसरीकडे, असल्याच शीतगृहात. पाळी संपली, कोणीतरी दार लावून घरी गेलं. मुद्दाम नाही... दादा आत आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. आम्ही घरी जेवायचे थांबलो होतो. वहिनी म्हणत होती, येतील, आज माल जास्त असेल." तो थांबला. "सकाळी दार उघडलं तेव्हा दादा दाराशीच होता. कडी धरून."

तिने ढकललेली पाचर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी आपण या माणसाला काय दाखवलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"वीज वाया जाते, मला कळतं," तो म्हणाला. "मी काही अडाणी नाही. पण दार लागल्याचा आवाज झाला की माझा श्वास अडकतो. मी काय करू, सांगा तुम्ही."

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मी करून दाखवते. पटलं तर हो म्हणा. नाही पटलं तर दार उघडं ठेवू आणि पॅनेल वाढवायला कुठे जागा मिळते ते बघू. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

त्यानंतर ती झपाटल्यासारखी कामाला लागली. दार बसवणाऱ्यांशी भांडली, एक नमुना परत पाठवला, दुसराही पाठवला. शेवटी हवं तसं दार आलं. माणूस आला की झर्रकन सरकणारं, गेला की आपोआप मिटणारं. आतल्या बाजूला आडवा रुंद दांडा. त्यात गरम राहणारी तार, म्हणजे बर्फ धरणारच नाही. वीज गेली तरी नुसत्या धक्क्याने दार उघडेल. आत कायम पेटता दिवा, बाहेर घंटा.

मुकादमाने दांडा दहादा ढकलून पाहिला, पण दार उघडं असताना. मग म्हणाला, "आत माणूस ठेवून बंद करून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"ठेवा की. मी जाते."

सकाळची पाळी सुरू व्हायची होती. जाड जाकीट चढवून ती आत उभी राहिली. तो बाहेर, दार बंद करायच्या बटणापाशी. शेजारी मावशी. हमाल लांब घोळका करून उभे, आज कोणीही थट्टा करत नव्हतं.

"दाबा," ती म्हणाली.

त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. कपाळावर घाम.

"अहो, दाबा ना. मला काही होत नाही."

"दुसऱ्या कोणाला तरी आत..." त्याने हात मागे घेतला. "मी दार लावीन. पण तू आत असताना नाही. तू आत असताना मला नाही जमणार!"

मावशी तोंडाला पदर लावायचा म्हणून हातमोजाच लावून उभ्या. ती मात्र बघतच राहिली. 'तू' म्हणाला तो. सगळ्यांदेखत.

"मग तू आत ये," ती हळूच म्हणाली.

तो आत आला. मागे न बघता म्हणाला, "मावशी, दाबा."

दार मिटलं.

आत दिवा जळत होता. दोघांच्या श्वासांची वाफ तेवढी हलत होती. तो दांड्याकडे बघत होता. ती पुढे होऊन सहज उघडू शकली असती, पण तिने हात जाकिटाच्या खिशात घट्ट धरून ठेवले. हे दार तिने उघडून चालणार नव्हतं.

"दादाला हा दांडा मिळाला असता तर..." तो रडला. इतकी वर्षं वहिनीसमोर, आईसमोर रडला नव्हता तसा, हमसून हमसून.

तिने त्याचा हात हातात घेतला. "दादांना परत आणणं माझ्या हातात नाही रे," ती म्हणाली. "दार माझ्या हातात होतं. तेवढं केलं."

"आता काम संपलं तुझं. जाशील."

"काम संपलं की जातेच मी."

"नको जाऊस."

"का?"

"माझं तुझ्यावर प्रेम आहे." त्याने डोळे पुसले. "तू आत गेलीस आणि माझं बोट बटणावर जाईना, तेव्हा... नाही, त्याआधीपासून. छपरावर. त्याच्याही आधी."

"माझंही," ती म्हणाली. "तू त्या दिवशी पाचर लावून उठलास ना, तेव्हापासून. पण आता उघड बाबा. बोटं गारठली माझी."

त्याने दांड्यावर तळहात ठेवला. दांडा कोमट होता. एक दीर्घ श्वास घेतला आणि ढकललं.

दार झर्रकन सरकलं. ऊबदार हवा अंगावर आली, उजेड आला, मावशी पुढे धावल्या. "काय रे, आत संसार मांडलात की काय?" असं म्हणता म्हणता त्यांचेच डोळे भरले.

"हो म्हणतो मी," मुकादम म्हणाला. "मालकांना सांगा. दार राहू दे."

हमालांनी एकच गिल्ला केला. ती बाहेर आली, तिच्यामागून तो. त्याच्या पाठीमागे दार आपोआप मिटलं, चांगला आवाज करत. त्याने वळून पाहिलं नाही. तो तिच्याकडे बघत होता.