सियासीला दिसलेला बर्फ

दोन हिवाळे गावाला कॅरिबू हरणाचं मांस मिळालं नव्हतं. गोठलेल्या खाडीपलीकडे कळप उतरल्याची खबर आली, तशी सियासी आणि तिचा धाकटा दीर पुतुलिक आपापल्या स्नोमोबाइलवरून निघाले. घरी सासू अंथरुणाला खिळली होती. तिला एकदा त्या मांसाचा रस्सा चाखायचा होता.

बर्फ ओळखायला सियासीला बापाने शिकवलं होतं. पण मागच्या वर्षी बर्फ कच्चा आहे म्हणत तिने पाच गाड्यांना अर्ध्या दिवसाचा वळसा घालायला लावला, आणि दुसऱ्याच दिवशी एकजण त्याच जागेवरून सुखरूप आला. तेव्हापासून गाव तिला ‘वळसेबाई’ म्हणत होतं. हळूहळू तीही स्वतःला तेच म्हणू लागली होती.

भूशिराच्या टोकाशी खालून प्रवाह ओढतो. तिथे बर्फ राखाडी दिसला. ओलसर. तिने गाडी थांबवली.

"काय वहिनी, आज कुठून वळसा?" पुतुलिक हसला. "तो बघ कळप."

पलीकडच्या उतारावर खरंच ठिपके हलत होते. सियासीने पुन्हा खाली पाहिलं. ढगाची सावली असेल. आपल्या डोळ्यांचा काय भरवसा?

"काही नाही," ती म्हणाली. "हो पुढे."

तो तीस-चाळीस पावलं गेला असेल. कडाड्! गाडी नाकावर उलटली आणि पुतुलिकसकट काळ्या पाण्यात गेली.

सियासीने दोराचं एक टोक आपल्या गाडीला बांधलं. पोटावर सरपटत पुढे गेली. दोर फेकला. हुकला. पुन्हा फेकला. वर आलेल्या पुतुलिकने तो कसाबसा मनगटाला गुंडाळला. ती मागे सरपटली, गाडी सुरू केली आणि इंचाइंचाने त्याला बाहेर ओढलं!

किनाऱ्यावर तंबू ठोकून तिने स्टोव्ह पेटवला. त्याला कोरडे कपडे घातले, पांढरे पडलेले पाय आपल्या कोटाखाली पोटाशी धरले.

"वहिनी," त्याचे दात वाजत होते, "तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," पुतुलिक म्हणाला. "पण थांबलो असतो."

कळपाकडे पाठ फिरवून दोघं एकाच गाडीवर परतले. पुतुलिकच्या पायाची तीन बोटं कापावी लागली. सासू आठवड्याने गेली, रस्सा न चाखताच. गावाला मात्र पुतुलिकने सांगितलं, "वहिनीने बजावलं होतं. मीच ऐकलं नाही." सियासीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

आता शिकारी निघण्याआधी तिच्या दारात येतात. "बर्फ कसा आहे, सियासी?" ती बराच वेळ पाहत राहते, मग काहीतरी सांगते. ते निर्धास्त जातात. ते परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही.