सामू सात पूर्णांक तीन

चंद्रावरच्या दक्षिण तळावर अकरा माणसं राहत. प्रत्येकाला वर्षातून एकदा बारा किलो खासगी सामान मागवता येई. कुणी लोणची मागवी, कुणी तबला. भूगर्भतज्ज्ञ सुलक्षणा पेडणेकरनं समुद्र मागवायचं ठरवलं. ती वेंगुर्ल्याची होती, पण मासे पाळायचा अनुभव शून्य. म्हणून तिनं रत्नागिरीला आपले जुने प्राध्यापक, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. इरफान मुकादम यांना गाठलं.

"सर, वीस लिटरची टाकी पुरेल ना?"

अडीच सेकंदांनी उत्तर आलं. "नवशिके इथंच फसतात. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. साठ लिटरची घे. टाकी तुमच्या कार्यशाळेत बनव, पाणी तिथलंच घे. मीठ मी पाठवतो, लिटरला पस्तीस ग्रॅम. आणि पाच किलो जिवंत दगड."

"दगड जिवंत?"

"त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू असतात. माशांची घाण तेच पचवतात. ते रुजेपर्यंत सहा आठवडे टाकीत मासा सोडायचा नाही."

मग यादीत पंप आला, तापक आला, दिवा आला. पाण्यातली घाण बुडबुड्यांवर चिकटवून बाहेर काढणारी फेसगाळणी आली. चंद्रावर बुडबुडे सावकाश चढणार, त्यामुळे लहानशी गाळणीही चालेल, असं सर म्हणाले. शेवटी क्षारमापक आणि सामू, म्हणजे पीएच, मोजणारा सामूमापक. मागाहून येणारे मासे धरून वजन दोनशे ग्रॅम जास्त भरलं.

"सामूमापक वगळते, सर."

"दिवा लहान घे, पण तो वगळू नकोस. समुद्राचा सामू आठ पूर्णांक दोनच्या आसपास असतो. तो घसरला म्हणजे पाणी आम्ल होत चाललं. डोळ्यांना ते दिसत नाही."

सामान आलं. पहिल्या दिवशी सामू अगदी आठ पूर्णांक दोन होता. आठवड्याभरात तो सात पूर्णांक तीनवर उतरला. सर म्हणाले, दगड नवे आहेत, थांब. सहा आठवडे उलटले, जिवाणू रुजले, बाकीच्या सगळ्या चाचण्या उत्तम आल्या. सामू हलला नाही. आणि दोन विदूषक मासे घेऊन येणारं यान तीन दिवसांत निघणार होतं.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. हल्ली तिला सगळ्याच बाबतीत तसं वाटे. डोकं जड असे, साध्या नोंदीत चुका होत. परत पाठवा, असा अर्जही तिनं लिहून ठेवला होता.

सरांनी सगळे आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. "सुलक्षणा, पृथ्वीवर असतीस तर टाकीतलं पेलाभर पाणी खिडकीबाहेर नेऊन त्यात हवा सोड म्हटलं असतं. तुमच्याकडे बाहेर हवाच नाही. अंतराळपोशाखाच्या नळकांड्यातला शुद्ध प्राणवायू तासभर सोडून बघ."

तासाभरानं पेल्यातला सामू आठच्या वर गेला होता.

"म्हणजे टाकी ठीक आहे," सर हळूच म्हणाले. "पाणी खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. तुझ्या आकड्यावरून तो नेहमीच्या आठपट असावा."

ती धावत तळप्रमुख विश्राम हेंद्रेंकडे गेली. त्यांनी भिंतीवरच्या हवामापकाकडे बोट दाखवलं. "कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत चारशे दहा भाग. पृथ्वीइतकी ताजी हवा. पेडणेकर, मापक खोटं बोलतो का?"

"खोटं नाही बोलत, सर. हा आठवड्यातून एकदा स्वतःला जुळवून घेतो ना? कसा?"

हेंद्रेंनी माहितीपुस्तिका काढली. वाचता वाचता त्यांचा आवाज मंदावला. आठवड्यातली सर्वांत कमी नोंद म्हणजे ताजी हवा, असं मापक धरून चालत होता. घरात खिडकी उघडतेच, तिथं हिशोब बरोबर बसतो. इथं खिडकी कधी उघडलीच नव्हती. हवेतला कार्बन डायऑक्साइड टिपणारे शोषक हळूहळू निकामी होत गेले आणि मापक दर आठवड्याला कोंदट हवेलाच ताजी समजत गेला.

"कधीपासून?"

"माझं डोकं जड राहायला लागलं तेव्हापासून. सात-आठ महिने असावेत," ती म्हणाली.

त्या दिवशी सगळे शोषक बदलले. दोन दिवसांत सामू वर सरकू लागला. भोजनकक्षात कुणीतरी मोठ्यानं हसलं, तेव्हा असं हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. सुलक्षणानं आपला अर्ज पुन्हा वाचला. ही बाई कोण, असं तिला वाटलं. तिनं तो पुसून टाकला.

तिसऱ्या दिवशी हेंद्रेंनी तिला बोलावलं. समोर कागदांचा ढीग होता.

"आठ महिन्यांत मी घेतलेले सगळे निर्णय तपासतोय. डोकं ठिकाणावर नसताना केलेल्या सह्या कशा मानायच्या? एकतीस रद्द केले." त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "हा बत्तिसावा. तळावर साठ लिटर खारं पाणी ठेवायची परवानगी. पेडणेकर, शुद्धीत असतो तर मी ही कधीच दिली नसती."

तिनं कागद वाचून परत त्यांच्यापुढे सरकवला.

हेंद्रेंनी जुन्या सहीवर रेघ मारली. खाली आजची तारीख घातली आणि सावकाश, अक्षर न अक्षर नीट काढत पुन्हा सही केली.

"तुमच्या सरांना कळवा," ते म्हणाले. "मासे चढवा म्हणावं."