नऊ पाहुणे आणि अडलेला पेपर

व्यासपीठावर नऊ पाहुणे. प्रत्येकानं नेमक्या तिघांशी गुच्छांची अदलाबदल करायची, कमी नाही की जास्त नाही. हा सत्कार किती वेळात आटपेल?

राष्ट्रीय शालेय गणित स्पर्धेच्या नागपूर केंद्रात दहाचा पेपर पावणेअकरा झाले तरी सुरू झाला नव्हता, तो या कोड्यापायी. वेंगुर्ल्याहून आलेल्या नववीतल्या इरावतीच्या बाकावरचा संगणकाचा पडदा काळाठिक्कर होता. एक वाजता देशभरचे पडदे आपोआप बंद होणार होते. सत्कारात गेलेली मिनिटं कुणी परत देणार नव्हतं.

मागल्या वर्षी एका पाहुण्याला चार गुच्छ मिळाले, दुसऱ्याला दोनच. दुसरे रुसले, जेवलेसुद्धा नाहीत. म्हणून समितीनं यंदा हा तिघांचा नियम केला आणि सूत्रसंचालन निवेदू या यंत्रमानवाकडे सोपवलं.

“क्षमस्व, पुन्हा पहिल्यापासून!” निवेदू बाविसाव्यांदा म्हणाला. “आठ जणांचे तीन-तीन झाले, माननीय भोयरसाहेबांचे दोनच.”

“अरे, हे होणारच नाही!” इरावती तरातरा व्यासपीठावर चढली.

“ताई, प्रयत्न सोडायचे नाहीत असं मला शिकवलंय. अजून पुष्कळ जुळण्या बाकी आहेत.”

“राहू देत त्या! भोयरसाहेबांनी कुणाशी एकदा गुच्छ बदलला, तर ती अदलाबदल किती जणांच्या मोजणीत येते?”

“दोघांच्या.”

“मग दहा अदलाबदलींची सगळ्यांची मिळून बेरीज?”

“वीस.”

“अकरांची?”

“बावीस. ताई, ही नेहमी समच येते की!”

“आणि तुला हवी किती?”

“नऊ त्रिक सत्तावीस.” निवेदूचे दिवे मंदावले. “विषम. अगं बाई!”

“हीच पॅरिटी (संख्या सम की विषम, एवढंच पाहण्याची युक्ती). एक जुळणी न सापडणं वेगळं आणि ती असूच न शकणं वेगळं. दुसरं सिद्ध झालं, की शोध थांबवायचा. कळलं?”

“कळलं. मग एका पाहुण्यानं खाली उतरावं.”

नऊच्या नऊ पाहुणे एकदम छताचं निरीक्षण करू लागले.

इरावतीनं कपाळावर हात मारला. “बरं, एक वाढव. दहा त्रिक तीस. तूच बस त्या खुर्चीत.”

“मी? माझा सत्कार आजवर कुणी…”

“बस म्हणते ना!”

पंधरा अदलाबदली चार मिनिटांत उरकल्या. निवेदू तीन गुच्छ छातीशी धरून उभा राहिला. “आता पाहुण्यांची मनोगतं…”

इरावतीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. निवेदूनं घाईघाईनं घंटा वाजवली.

पडदा उजळला. दोन तास उरले होते. इरावतीनं दातओठ खात पहिला प्रश्न वाचला आणि दुसऱ्या ओळीपर्यंत रागच विसरली. तिकडे निवेदू पुढच्या वर्षीच्या नियमावलीत पहिलं कलम लिहीत होता: “आधी शक्य आहे का ते पाहावं, मग गुच्छ मागवावेत.”