शेवटच्या ओळीतला थेंब

खरं-खोटं तुम्ही ठरवा. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे आणि ताईला थापा मारता येत नाहीत. लहानपणी एकदा प्रयत्न केला होता, तर कानापर्यंत लाल झाली होती.

रात्र नव्हती हं. भर दुपार होती. रविवार, पावणेतीन.

प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर ताई एकटी होती.

तिचं काम आधी सांगतो. औषधाचा कण शरीरातल्या प्रथिनाला कुठे चिकटतो, हे ती कॉम्प्युटरवर बघते. प्रथिनाची एक फाइल, औषधाची दुसरी. दोन्ही पडद्यावर आणायच्या, औषध प्रथिनाच्या खळग्यात बसवायचं, दोघांची मिळून एक रचना करायची आणि सेव्ह करायची. प्रथिनाभोवती पाण्याचे शेकडो कण असतात. पडद्यावर ते लाल ठिपके दिसतात. जोडणी करण्याआधी सगळे ते झाडून काढतात.

सगळे म्हणजे, थेंबराव सोडून.

थेंबराव हे शेजारच्या टेबलावरचे. वयानं बरेच मोठे. "सगळं पाणी काढा, पण हा एक थेंब ठेवा. हा नसेल तर औषध तिथे टिकायचं नाही," असं आठ महिने सांगत होते. म्हणून हे नाव पडलं. ताईही चिडवायची. पण दुपारचा डबा दोघं रोज एकत्र खायचे. ताई एकटी राहते. तिला "जेवलीस का?" विचारणारं त्या इमारतीत तेवढं एकच माणूस होतं.

मग ते हॉस्पिटलमध्ये गेले.

ताईनं त्यांची फाइल उघडली, आपलं औषध त्यात जोडून बघितलं, पाणी काढलं आणि सेव्ह केलं. त्याच नावानं.

या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? असं कॉम्प्युटरनं विचारलं होतं. दिवसातून वीसदा विचारतो. हाताच्या सवयीनं तिनं "हो" दाबलं.

आठ महिन्यांचं त्यांचं काम गेलं. दुसरी प्रत नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माझी फाइल नीट आहे ना गं?"

"आहे की. तुम्ही आधी बरे व्हा."

चौथ्या दिवशी थेंबराव गेले.

त्यांच्या कॉम्प्युटरवर काहीच सापडलं नाही, तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख, आमच्या ताईचे सर, म्हणाले, "बोलायचे फार, केलं काहीच नव्हतं. शोधनिबंध तुझ्या एकटीच्या नावानं पाठव. सोमवारपर्यंत." टेबलावरचं सामान न्यायला आलेल्या थेंबरावांच्या बायको, वहिनी, दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. ताई मान खाली घालून गप्प बसली.

त्या रविवारी दुपारी तो सोमवार एका दिवसावर आला होता.

ताईनं प्रथिन उघडलं. पाणी काढलं. लाल ठिपके, शून्य. औषध जोडलं, सेव्ह केलं. तपासायला फाइल पुन्हा उघडली...

एक लाल ठिपका होता.

राहिला असेल, म्हणून तिनं तो काढला. सेव्ह केलं. उघडलं.

ठिपका होता. आणि आता औषधाच्या जरा जवळ होता...

तिनं कॉम्प्युटर बदलला. दोन्ही फाइली नव्यानं उतरवून घेतल्या. नाव बदलून सेव्ह केलं.

ठिपका आणखी जवळ आला.

मग तिनं फाइल साध्या अक्षरांत उघडली. तिथे चित्र नसतं, नुसत्या ओळी. एका अणूची एक ओळ. ती शेवटपर्यंत खाली गेली. औषध संपलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. पाण्याची.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

किर्र... किर्र...

माउसचं चाक बोटानं फिरवल्याचा. काही सांगायचं असलं की थेंबराव आधी तसं चाक फिरवत बसायचे.

शेजारचं टेबल रिकामं होतं. माउस, कॉम्प्युटर, सगळं त्याच आठवड्यात काढून नेलं होतं.

ताईला पळावंसं वाटलं, पण पळाली नाही. ती मला म्हणाली, "भीती वाटली रे. पण त्याहून जास्त बरं वाटलं. कोणीतरी होतं."

तिनं पडद्याकडे पाहिलं. ठिपका प्रथिन आणि औषध यांच्या बरोब्बर मध्ये येऊन थांबला होता. दोघांना धरून. थेंबराव बोट ठेवून दाखवायचे, त्याच जागी.

ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "चुकलं माझं. फाइल मी पुसली. तुम्हाला खोटं सांगितलं."

आवाज थांबला...

तिनं तिथूनच सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. सर भडकले. "हे आज सांगतेस?" पुढे महिनाभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत. पण निबंधावर पहिलं नाव थेंबरावांचं लागलं. ताई तो घेऊन वहिनींकडे गेली, त्यांनाही खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ त्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काम केलं होतं त्यांनी."

आता खरी गोष्ट.

फोन ठेवून ताईनं फाइल पुन्हा उघडली, तेव्हा ठिपका नव्हता. शेवटची ओळही नव्हती. निबंधातला थेंब तिला जागा आठवून, स्वतःच्या हातानं ठेवावा लागला.

त्यानंतर काहीही घडलेलं नाही. आवाज नाही, ठिपका नाही. याला आता दोन वर्षं झाली. मला खरं तर हायसं वाटायला हवं.

पण ताई अजून दर रविवारी दुपारी तिथे जाते. पाणी काढते, जोडणी करते, सेव्ह करते आणि उघडून बघते.

परवा मी तिला विचारलं, "काही नसतं ना आता?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"मग पुन्हा सेव्ह करते."