रेंजरच्या घराची चौकट

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ही माझ्या सख्ख्या मावशीची हकिगत. तिने ती मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा तशीच, शब्द इकडचा तिकडे नाही. आणि मावशी म्हणजे भुताचं नाव काढलं की दार लावून बसणारी बाई नव्हे. पडक्या इमारतींत एकटीने रंग खरवडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलंय. भिंतीतून साप निघाला तर "बाजूला हो रे बाबा" म्हणते आणि पुढची फळी घेते.

आणखी एक. मध्यरात्र, किर्र काळोख, असलं यात काही नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं. थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती आणि धुकं उतरलं होतं.

एवढंच.

मावशी जुन्या इमारतींचे रंग उतरवते. एकावर एक चढलेले थर हळूहळू काढत मूळ रंग कुठला होता ते शोधायचं, आणि तोच परत द्यायचा. काका, म्हणजे तिचे यजमान, सुतार. दोघं मिळून काम घेतात. काका उंचीने मावशीच्या खांद्याला लागतात, पण तोंड मात्र दोघांच्या वाटचं चालवतात. "आमच्या लग्नाच्या फोटोत मी उभा आहे आणि ही बसलीय. का, ते विचारू नका," हा त्यांचा ठरलेला विनोद.

तर त्यांना काम मिळालं जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका जुन्या चौकीचं. त्या भागात पहिल्यांदा रेंजर नेमला गेला तेव्हाची चौकी. तीन इमारती, तिन्ही लाकडी. रेंजरचं राहतं घर, घोड्यांचा तबेला, आणि वणवा विझवायच्या कुऱ्हाडी-फावड्यांची कोठी. कित्येक वर्षं बंद पडलेल्या. आता दुरुस्त करून लोकांना बघायला खुल्या करायच्या होत्या.

दोघांनी कोठीत मुक्काम टाकला. खाली फाटकाजवळच्या खोलीत एक निवृत्त वनरक्षक राहायचे. किल्ल्या त्यांच्याकडे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. गुडघे गेलेले, काठी टेकत यायचे, पण सकाळचा चहा कधी चुकवला नाही.

पहिल्याच दिवशी मावशीला एक गोष्ट खटकली.

तबेल्याच्या वळचणीला पाखरांची घरटी खच्चून भरली होती. कोठीतही होती. रेंजरच्या घराला मात्र... एकही नाही.

"रंगाचा वास असेल," काका म्हणाले.

"रंग देऊन जमाना झालाय. कसला वास?"

मग ती आत गेली. बंद घर म्हटलं की कोळ्यांची जाळी आलीच. कमरेखाली होतीही. खिडकीच्या फळ्यांवर, कोपऱ्यांत, चुलीच्या तोंडाशी, सगळीकडे.

पण वर...

वर काहीच नाही. आढ्याजवळचे कोपरे लख्ख. जाळी वर असतात, माणसाचा हात पोचत नाही तिथे. इथे उलटं होतं.

जसं कुणी सारखं ये-जा करत असावं. आणि त्याचं डोकं... तिथवर पोचत असावं.

हा विचार मावशीला तेव्हा आला नाही. तेव्हा ती फक्त "चला, झाडायचं काम वाचलं" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट खरवडायला घेतली. खालून सुरुवात केली. वरचा हिरवा थर गेला, मग करडा, मग पिवळट. त्याखाली उघडं लाकूड. आणि लाकडावर चाकूने ओढलेली एक आडवी रेघ. तिच्या मांडीएवढ्या उंचीवर. थोडी वर दुसरी. मग तिसरी.

"अहो, इकडे या!" तिने हाक मारली. "बघा, पोराची उंची मोजलीय! रेंजरचं पोर असणार."

काका आले, वाकून पाहिलं. "माझ्या आईने पण अशा रेघा मारल्या होत्या. दहाव्या वर्षी रेघा थांबल्या. माझी उंचीही."

दोघं हसले. मावशी उत्साहाने वर-वर खरवडत गेली. रेघा कमरेला आल्या, छातीला आल्या, खांद्याला आल्या. पोरगं मोठं झालं म्हणायचं.

मग रेघ तिच्या डोक्याला लागली. मावशी चांगली उंच आहे.

पुढची रेघ... डोक्याच्या वर होती.

ती स्टुलावर चढली. आणखी रेघा. मग शिडी आणली. चौकट संपली होती, रेघा नव्हत्या संपल्या. दारावरच्या फळ्यांवर त्या तशाच चढत गेल्या होत्या. शेवटची छताला जवळजवळ टेकलेली.

काकांनी खालून शिडी घट्ट धरली.

मावशीचा हात चालत होता, कारण तिच्या हाताला सवयच ती. आणि त्या सवयीनेच तिला आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या रेघा सगळ्या थरांच्या खाली होत्या. त्यावरच्या करड्या रंगावर कापलेल्या, हिरव्याच्या खाली. आणि अगदी वरच्या काही... हिरव्या रंगावरच.

म्हणजे घराला रंग चढत गेले आणि त्याबरोबर रेघाही चढत गेल्या. घर बंद झाल्यावरही.

तात्या चहा घेऊन आले तेव्हा मावशीने सरळ विचारलं, "तात्या, पहिल्या रेंजरसाहेबांना मुलं किती होती?"

तात्यांनी किटली खाली ठेवली. "एकच. मुलगा."

"मोठा झाला का तो?"

"पाच वर्षांचा होता. असंच धुकं होतं म्हणतात. घराबाहेर खेळत होता, मग दिसला नाही. अख्खं जंगल पालथं घातलं. बूटसुद्धा सापडला नाही." तात्यांनी कपात चहा ओतला. "आई मात्र दरवर्षी त्या दाराशी रेघ मारायची. म्हणायची, माझं पोर वाढतंय. आधी स्टूल घ्यायची, मग शिडी. साहेबच शिडी धरायचे म्हणे. बाईच्या दुःखाला कोण अडवणार?"

मावशीच्या जिवात जीव आला. बिचारी आई. वेडी माया. यात घाबरण्यासारखं काय आहे?

"पण तात्या, वरच्या रेघा नंतरच्या आहेत. त्या कुणी मारल्या?"

"चहा निवतोय पोरी," तात्या म्हणाले, आणि काठी उचलून चालू लागले.

त्या संध्याकाळी हत्यारं आवरताना उन्हाची तिरीप चौकटीवर पडली, आणि मावशीला डाग दिसले.

घरात एखादा माणूस रोज त्याच जागी भिंतीला डोकं टेकून बसला की तिथे कसा काळपट, तेलकट डाग पडतो? तसे डाग. प्रत्येक रेघेच्या खाली एक.

सगळ्यात वरच्या रेघेखालीसुद्धा... एक.

तिने सोड्याच्या पाण्याने ते घासून काढले. शिडीवर चढून वरचाही काढला. सकाळी पाहिलं तर खालचे गेले होते. वरचा परत आला होता.

ओला होता.

"गळत असेल छत," काका म्हणाले. पाऊस पडला नव्हता, पण मावशीने वाद घातला नाही. घेतलेलं काम असं अर्धवट सोडून निघता येत नाही.

त्याच दुपारी धुकं उतरलं. एवढं दाट की कोठीतून तबेला दिसेना. काका रेंजरच्या घरात कुजलेल्या फळ्या बदलत होते. मावशी तबेल्यात दारांच्या बिजागऱ्यांचा गंज काढत होती. काकांच्या हातोडीचा आवाज येत होता, म्हणून तिला बरं वाटत होतं.

मग आवाज थांबला.

तिने कान दिला. काका कुणाशी तरी बोलत होते. हसतही होते. तात्या आले असतील, तिला वाटलं.

पण काका म्हणत होते...

"टाच टेकव. टाच! लबाडी नाही करायची."

मावशीच्या हातातली बिजागरी पडली.

"हां, आता मान सरळ. शहाणा माझा."

ती धावली. घराचं दार उघडं होतं. काका शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभे होते, हातात पेन्सिल. समोरच्या फळ्यांवर तो ओला डाग होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो पसरत होता, जसं कुणी भिजलेलं अंग लाकडाला टेकवावं. आणि तिथे, काकांच्या समोर... कुणीही नव्हतं.

"अहो! खाली उतरा!"

"थांब गं, होतंय." काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. आवाज अगदी रोजचा, लाडाचा. "किती दिवसांत कुणी माप घेतलं नाही म्हणतोय. बघ ना, केवढा झालाय."

मावशीजवळची जमिनीची फळी करकरली. मग तिच्या पुढची दबली. हळू, कुणी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तशी.

कुजलेल्या पानांचा वास आला.

आणि मावशीच्या टाळूला काहीतरी लागलं. वरून. थंड, हलकं. तळहात ठेवून आपण एखाद्या पोराची उंची बघतो ना... तसं.

ती किंचाळली नाही. तिने काकांचा पाय धरला आणि सगळी ताकद लावून ओढलं. शिडी आडवी झाली, दोघं जमिनीवर आपटले. पडल्या-पडल्या तिची नजर वर गेली. नवी रेघ भिंतीवर नव्हतीच.

ती छतावर होती. भिंतीपासून वीतभर पुढे.

कुणी छताखाली वाकून उभं असावं, तशी.

मावशीने काकांचं मनगट धरलं आणि बाहेर काढलं. फाटकाकडे जाणारी वाट सरळ उताराची. धुक्यात पायाखालचंसुद्धा दिसत नव्हतं. मागून घराच्या दारातून आवाज आला. ठक्. उंच माणसाचं डोकं चौकटीला आपटावं तसा.

मग थोडं थांबून... पायरी करकरली.

"अगं, हळू चाल," काका म्हणाले. "त्याला वाट नाही माहीत."

"गप्प बसा!"

"हरवेल ना तो परत."

काका हात सोडवू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मावशीने कधी आवाज चढवला नव्हता. तिने काकांच्या कानाखाली मारली आणि फरफटत नेलं. मागे झुडपं हलत नव्हती. कडेचं गवत हलत नव्हतं. आवाज येत होता तो वरून, फांद्यांतून. एक फांदी मोडायची, मग पुढची. कुणीतरी त्या बाजूला सारत येत होतं, सावकाश, धडपडत.

फाटकाशी तात्या उभे होते. दोघांना पाहून त्यांनी काही विचारलं नाही.

त्यांची नजर दोघांच्या डोक्यांवरून वर गेली. आणखी वर.

"झालं ना माप?" ते मऊ आवाजात म्हणाले. "मग घरी जा बाळ. थंडी आहे."

फांद्या थांबल्या.

मग एक पाखरू ओरडलं, मग दुसरं, आणि तात्यांनी फाटक लावलं.

खोलीत बसवून त्यांनी दोघांना पाणी दिलं. मावशीने पेला खाली ठेवला. "वरच्या रेघा तुमच्या आहेत," ती म्हणाली.

"आई गेली, साहेब गेले. माझी नेमणूक झाली तेव्हा तो रोज दारात यायचा. रडायचा." तात्यांनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. "आता माझ्याने शिडी चढवत नाही पोरी. दोन वर्षं झाली. मला वाटलं, विसरला असेल. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"आणि माप घेतलं नाही तर?"

तात्या काकांकडे पाहत राहिले. काका खिडकीतून धुक्याकडे पाहत होते.

काम दुसऱ्याच कुणी पुरं केलं. चौकी आता खुली झालीय, लोक सहकुटुंब जातात, दारात उभं राहून फोटो काढतात. मावशी आणि काका आपल्या घरी, आपल्या कामाला. काका पूर्वीसारखेच बोलतात, हसवतात. त्या दुपारचं विचारलं की म्हणतात, शिडीवरून पडलो, बाकी आठवत नाही. मीही मानलं होतं.

मागच्या महिन्यात तात्या गेल्याचा निरोप आला. मी तेव्हा मावशीकडेच होते. मावशीने फोन ठेवला आणि रडायला लागली. काका उठून खिडकीशी गेले. तिथूनच त्यांनी विचारलं...

"मग आता त्याच्याजवळ कोण आहे?"

तेव्हापासून मावशी त्यांना एकटं सोडत नाही. गाडीची किल्ली तिच्या पदराला बांधलेली असते. दोनदा ते पहाटे चपला घालून दाराशी उभे सापडले. धुकं पडलं की तिसऱ्यांदाही सापडतील, ती म्हणते.

काल मी त्यांच्याशेजारी बसले. हिंमत करून म्हटलं, "काका, तुम्ही पाहिलंय ना त्याला? केवढा आहे तो, सांगा बरं. भीती नाही वाटत तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी शुद्धीत होते. डोळ्यांत पाणी होतं.

"लहान आहे गं तो," ते म्हणाले.