पुसू नकोस, अर्पिता

"पुसू नका."

शेजारच्या सीटवरचा अनोळखी माणूस. आणि थेट माझ्या फोनवरच्या बोलण्यात!

शेजारच्या तालुक्यातल्या वाशीहून भूमला निघालेली एसटी. फोनच्या स्पीकरवर भूमच्या आमच्या शेळीपालन संस्थेतली अर्पिता.

"ताई, कॉम्प्युटरवर एक बी शेळी दिसंना. डिस्क भरलीय म्हणतंय. जुनं पुसू का?"

काल मीच डेटाबेसचा जुना कंटेनर, म्हणजे तो ज्यात चालतो तो सॉफ्टवेअरचा डबा, काढून नवा लावला होता. आणि आज सगळं कोरं. ऑफिसच्या दारात टेम्पो उभा, बलभीमकाका बोकड भरून तयार. ठरावीक काळानं आम्ही बोकडांची गावं बदलतो. बापाची गाठ लेकींशी पडू नये म्हणून. कुणाच्या लेकी कुठल्या गावात, ते फक्त त्या डेटाबेसला ठाऊक.

"मी शंतनू. सोलापुरात सर्व्हर सांभाळतो," तो म्हणाला. "डेटा ठेवायला कंटेनरच्या बाहेर व्हॉल्यूम दिला होता?"

"म्हणजे?"

"कंटेनर काढला तरी मागं राहते, ती जागा."

"नव्हता... दिला."

"मग बहुतेक आपोआप तयार झाला असेल. बिननावाचा. अजून डिस्कवर पडून असेल. पण साफसफाईत पहिला तोच जातो."

"अर्पिता, पुसू न—"

रेंज गेली.

खिडकीतून तापलेला वारा. बालाघाटाचे बोडके डोंगर. त्याने स्वतःचा फोन पुढे केला.

"इथं आहे रेंज. नंबर सांगा."

"मुलींकडून नंबर असेच मिळवता का?" भीती वाटली की मी भलतंच बोलते.

"एवढी मोठी चूक करून कुणी भेटत नाही ना एरवी."

रिंग... रिंग...

"ताई? पुसायचं सांगितलं की म्या."

समोरच्या सीटचा दांडा मी घट्ट धरला. त्याच दांड्यावर त्याचाही हात. बोटभर अंतर.

"पण ते इचारतंय, नक्की पुसू का. काय दाबू? व्हय का न्हाय?"

"नाही!" आम्ही दोघं. एकदम.

अख्खी गाडी वळली. कंडक्टर म्हणाला, "ओ पाव्हणं, नवरा-बायकोची भांडणं घरी!"

मी खिडकीकडे बघत राहिले.

भूमला तो माझ्या मागोमाग उतरला. मी विचारलं नाही. विचारलं आणि तो निघाला तर?

ऑफिसात पोचलो तर टेम्पो नव्हता. अर्पिता म्हणाली, काका वैतागून निघून गेले, अंदाजानेच बोकड वाटायला.

स्क्रीनवर बिननावाचे व्हॉल्यूम. लांबलचक अक्षरं, आकडे. पहिला उघडला — रिकामा. दुसरा — रिकामा.

"नसलंच तर?"

"एक राहिलाय."

त्याने उघडला...

दगडाबाईंची शेळी चांदी. चांदीची आई. आईची आई.

खुर्ची असूनही मी मटकन खालीच बसले. तो हसला. "आता हे सगळं नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये उतरवतो. पुढचा प्रत्येक कंटेनर त्यालाच जोडा. मग कितीही बदला."

माझा फोन बंद पडलेला. त्याच्याच फोनवरून काकांना गाठलं. पहिला बोकड स्वतःच्याच लेकींच्या गावाला चालला होता!

"थांबा काका! माघारी या."

तेवढ्यात तोच फोन वाजला. मी घाईनं उचलला. "कुठवर आलात, काका?"

"काका?" बाईचा आवाज. "कोण गं तू?"

"मी... नीरजा."

"शंतनू कुठंय? त्याची आई बोलतेय. फाट्यावर मुलीकडचे पाहुणे ताटकळलेत. मुलगी तयार होऊन बसलीय!"

मी फोनवर तळहात दाबला. "मुलगी बघायला निघाला होतात?"

"हो."

"उतरला का नाहीत?"

"फाटा आला तेव्हा तुम्ही दांडा घट्ट धरून बसला होतात. आणि मग... उतरावंसं वाटेना. त्या लोकांची माफी मी स्वतः मागेन. पण—"

"हॅलो! येतोय का तो?"

त्याने फोनसाठी हात पुढे केला.

मी फोन दिला नाही.

"आज नाही येणार ते, काकू."

"असं कोण म्हणतंय?"

त्याचा हात तसाच, पसरलेला. मी त्यात माझा ठेवला.

"मी."