वरून दिसणारा रस्ता

मुश्ताकमामूंची अँजिओप्लास्टी होऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात शहरबानूमामीने आखातातल्या या अल ऐन शहरामधल्या निम्म्या रत्नागिरीकरांना सांगून टाकलं होतं, की ऑपरेशनच्या टेबलावर मामूंचं हृदय चार मिनिटं बंद पडलं, तेव्हा ते छताजवळ तरंगत होते.

पाहुणे "सुभानअल्ला" म्हणत. मी चहा करत असे. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या मुलीने असल्या गप्पांना चहा पाजावा, दुसरं काय! मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, रसायनांचा पूर आला, आपण कुठे आहोत हे ठरवणारा भाग गोंधळला, की कोणीही छताला चिकटतो. बेडूकसुद्धा चिकटेल, फक्त त्याला पाहुणे येत नाहीत.

एका दुपारी मामी बाहेर गेल्यावर मामू हळूच म्हणाले, "इन्शा, सोमवारी डॉक्टर फिटनेस सर्टिफिकेट देणार. पण मी अजून खाली आलोच नाही."

"म्हणजे?"

"अजून वरूनच दिसतंय. आत्ता तुझा भांग दिसतोय. माझं टक्कल दिसतंय."

मामू स्कूलबस चालवत. बस गेली की व्हिसा गेला, की सामान बांधून गावी.

"औषधांचा परिणाम आहे, जाईल. डॉक्टरला सांगितलंत तर खलास."

"पण लहान पोरं असतात गं बसमध्ये. तू शिकलेली. तू सांग, चालवू?"

मी त्यांना गाडी काढायला लावली. असल्या गोष्टी तपासून संपवाव्यात.

रस्ता रिकामा होता. राउंडअबाउटच्या मधोमध झाडांची उंच दाटी, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मामूंनी अलीकडेच वेग कमी केला.

"पुढे पाण्याचा टँकर उभा आहे. टाकीवर कुणाची तरी चप्पल राहिलीय."

आम्ही वळलो. टँकर होता. एक माणूस एकाच पायात चप्पल घालून शिडी चढत होता.

"इंजिनाचा आवाज आला असेल तुम्हाला."

"आणि चप्पल?"

"योगायोग."

काचा बंद होत्या, एसी पूर्ण जोरात होता. हे मी मनात नोंदवलं आणि सोडून दिलं.

"अजून एक," मामू म्हणाले. "वरून तो स्टिअरिंग फिरवताना दिसतो."

"तो कोण?"

"खाली बसलेला. मी म्हणायच्या आधीच फिरवतो."

मला हसू आलं. "नीट चालवतो ना?"

"फर्स्ट क्लास."

"मग झालं तर! त्याला म्हणावं, डॉक्टरसमोर गप्प बस."

मामू हसले नाहीत. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? मामूंनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मीच म्हणाले.

बुधवारी ते कामावर रुजू झाले.

पहिल्याच दिवशी, तीन वाजता, मी मुद्दाम बिल्डिंगच्या गेटवर उभी राहिले. शेजारच्या बिलकीसभाभी मुलीला न्यायला आल्या होत्या. बस आली. अगदी कडेला, झटका न देता थांबली.

मुलगी उतरली. के.जी.मधली, पाठीवर गुलाबी दप्तर. वळून तिने मान पूर्ण मागे टाकली आणि बसच्या टपाच्याही वर, रिकाम्या आभाळाकडे हात हलवला.

"बाय, अंकल!"

मग तिचं लक्ष ड्रायव्हरच्या सीटकडे गेलं.

ती दचकून आईच्या काळ्या अबायाच्या घोळात शिरली.

बसमध्ये अजून अकरा मुलं होती. दार बंद झालं.